डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की तुमच्या ठाण्याच्या पानावर घोडबंदर रोडच्या बातम्या सुरू होतात. दुचाकी खड्ड्यात आदळली, मागे बसलेली महिला गंभीर जखमी, तिला रुग्णालयात दाखल करण्यात आलं. बातमी तिथे थांबते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कासारवडवलीच्या पुढे, संध्याकाळी साडेसातच्या अंधारात, पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. स्कूटर मी चालवत होतो. माझ्या कोपराला खरचटलं. मागे बसलेली माझी पत्नी कंबरेवर आपटली, एल-वन, म्हणजे कंबरेचा पहिला मणका फुटला आणि आतल्या मज्जारज्जूला मार बसला. तेव्हापासून तिच्या पायांत ताकद नाही आणि लघवीवर ताबा नाही.

पाय गेलेले लोकांना दिसतात. भेटायला येणारा प्रत्येक जण "चालायला कधी लागतील?" असं विचारतो. लघवीचं कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. आमच्या घराचं घड्याळ मात्र गेली सहा वर्षं लघवीवर चालतं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. अपघात झाला तेव्हा निवृत्तीला सात महिने राहिले होते. पत्र लिहायची सवय नाही, तरी लिहायला बसलो ते एकाच मागणीसाठी. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला घरी सोडण्याआधी त्याला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला कॅथेटरचं, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घालायच्या नळीचं, काम शिकवा. तोंडी सांगून नव्हे. सिस्टरांसमोर, स्वतःच्या हाताने, निदान तीन वेळा करायला लावून.

आम्हाला ऑपरेशननंतर तेविसाव्या दिवशी घरी सोडलं. रॉड-स्क्रूचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, सर्जनबद्दल माझी काही तक्रार नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी होती आणि सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ: फॉली कॅथेटर १४ नंबर, तीन आठवड्यांनी बदलणे. फॉली म्हणजे आतच ठेवलेली नळी. कुणी बदलायची, कशी, मध्येच बंद पडली तर काय करायचं, काही नाही. लिफ्टपाशी वॉर्डातल्या मावशींनी युरीन बॅगचा खालचा खटका उघडून लघवी कशी ओतायची ते दाखवलं. दोन मिनिटं. त्या मावशींचे उपकारच म्हणायचे, कारण तेवढंसुद्धा दुसऱ्या कुणी दाखवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी काय केलं ते सांगतो, कारण आज कुठल्या तरी घरात कुणीतरी तेच करत असेल. बॅग किती भरली ते नजरेसमोर राहावं म्हणून मी ती खिडकीच्या ग्रिलला अडकवली, पलंगापेक्षा उंच. पलंगावरून खुर्चीत बसवताना बॅग तिच्या मांडीवर ठेवायचो. बॅग नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी, नाहीतर साठलेली लघवी नळीतून उलटी आत जाते आणि जंतू घेऊन जाते. जमिनीलाही टेकता कामा नये. माझं आयुष्य पाइप जोडण्यात गेलं, पाणी कुठून कुठे वाहतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नळी आपल्या माणसाच्या अंगात गेली की डोकं चालेनासं होतं. माणूस फक्त घाबरतो आणि जे दिसेल ते करत सुटतो. पहिल्या तीन महिन्यांत तिला दोनदा थंडी वाजून ताप आला.

मग २०२० चा एप्रिल आला. लॉकडाऊन. फॉली बदलायला कळव्याहून ज्या सिस्टर यायच्या त्यांना येता येईना आणि नळीला पाच आठवडे होऊन गेले. एका रात्री नऊ वाजता मी बॅग रिकामी केली. साडेबाराला पाहिलं तर बॅगेत चमचाभरही नाही, चादर मात्र ओली. पत्नी म्हणाली, "अहो, पोट भरून आल्यासारखं वाटतंय. बरं नाही वाटत." बेंबीखाली हात ठेवला तर टणक गोळा लागला. नळी कुठे दुमडली का पाहिलं, तिची कूस बदलली, काही फरक नाही. शेवटी नळी ओढून काढावी म्हणून हात घातला आणि थांबलो. आत ती कशाने अडकून राहते हे मला माहीत नव्हतं. आठ महिने ती नळी आमच्या घरात होती. सिस्टर बदलायच्या तेव्हा मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो, आणि नळीच्या टोकाशी आत पाण्याने भरलेला फुगा असतो हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

पाऊण वाजता सिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं पहिलं वाक्य, "काका, ओढू नका." बाहेर लोंबणाऱ्या दोन फाट्यांपैकी रंगीत तोंडाच्या फाट्याला बिनसुईची सिरिंज लावायला सांगितली. दट्ट्या जोरात खेचायचा नाही, पाणी आपसूक येऊ द्यायचं. १० मिली भरलेलं आहे, तेवढं परत आलं पाहिजे, मोजा. नऊ आलं, मग थोड्या वेळाने उरलेलं. नळी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाजवळचं भोक चुन्याने लिंपल्यासारखं बंद होतं. बोटांत चोळलं तर बारीक वाळूसारखं कचकचलं.

घरात नव्या नळ्या दोनच होत्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे घातले, जेली लावली. मोबाइल धरायला तिसरं माणूस घरात नाही, मुलगा पुण्यात अडकलेला. मोबाइल पत्नीनेच धरला, आडवी पडून, दोन्ही हातांनी, जराही न हलवता. पहिली नळी चुकीच्या जागी गेली. बायकांच्या बाबतीत हे होतं, कारण लघवीचं द्वार बारीक असतं आणि योनिमार्गाच्या अगदी वर असतं. मी नळी मागे घेऊ लागलो तर सिस्टर म्हणाल्या, "काढू नका, राहू दे तिथेच खूण म्हणून. दुसरी घ्या आणि तिच्या वरच्या बाजूला बघा." दुसरी बरोबर गेली. लघवी दिसल्यावर मला फुगा भरायची घाई झाली. त्यांनी थांबवलं: अजून दोन बोटं आत सरकवा, मगच भरा, नाहीतर फुगा वाटेतच फुगेल आणि इजा होईल. भरायचं डिस्टिल्ड वॉटर, सलाईन नाही, कारण सलाईनमधल्या मिठाचे खडे होऊन फुग्याची वाट बंद पडू शकते. बॅगेत ११५० मिली लघवी आली, चादरीवर गेली ती वेगळी. सव्वादोन वाजले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो.

हे मी शाबासकीसाठी सांगत नाही. जे त्या रात्री भीतीने थरथरत शिकलो ते वॉर्डात दिवसाउजेडी अर्ध्या तासात शिकता आलं असतं. सिस्टरांनी फोन उचलला नसता तर मी ती नळी फुग्यासकट ओढली असती.

पुढे २०२१ च्या सुरुवातीला एका ओळखीच्या गृहस्थांनी हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेचं नाव सांगितलं. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ पासून आहे, मला मात्र दीड वर्ष तिचा पत्ता नव्हता. तिथल्या सिस्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न केला, "फॉली अजून कशाला ठेवलीय?" मग समजावलं. कायमची नळी म्हणजे जंतूंसाठी चोवीस तास उघडा रस्ता. त्याऐवजी दर चार तासांनी साधी बारीक नळी आत घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. फुगा नाही, बॅग नाही. मला वाटलं, दिवसातून पाच वेळा नळी घालायची तर घरात ऑपरेशन थिएटर लागेल. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेतल्या मिशिगनचे डॉक्टर जॅक लॅपिड्स यांनी १९७२ सालीच दाखवून दिलं आहे की यासाठी पूर्ण निर्जंतुक व्यवस्था लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात. वेळ पाळणं जास्त महत्त्वाचं. मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथे जंतूंचं फावतं. पूर्वी मज्जारज्जूचे रुग्ण पाठीच्या दुखण्याने नव्हे, तर लघवी तुंबून, संसर्ग वर चढून किडन्या निकामी झाल्याने दगावत. हे ऐकल्यावर चार तासांचं घड्याळ मला ओझं वाटेनासं झालं.

नळीच्या नंबरचं कोडंही तिथेच सुटलं. मेडिकलवाल्याकडे १२, १४, १६ असे नंबर मागायचो, पण ते कशाचं माप हे कळत नव्हतं. तीनाने भागायचं की मिलिमीटर मिळतात. १२ नंबर म्हणजे बाहेरून ४ मिलिमीटर जाडी. ज्याचा जन्म व्हर्नियर हातात धरण्यात गेला त्याला हे एक वाक्य किती आधार देऊन गेलं ते लिहून सांगता येणार नाही.

पण खरी गोष्ट पुढची. सिस्टर माझ्या हातात नळी द्यायला निघाल्या आणि मध्येच थांबून पत्नीकडे वळल्या. "ताई, तुमचे हात तर चांगले आहेत. यांनी कशाला, तुम्हीच करायचं." दीड वर्षात कुणाच्याही मनात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि त्या एप्रिलच्या रात्री तिने मोबाइल कसा धरला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सिस्टरांनी तिच्या दोन मांड्यांमध्ये छोटा उभा आरसा ठेवला आणि शिकवलं. आठवड्यात तिला आरशात बघून जमू लागलं, दीड महिन्यात बोटाने चाचपून, आरशाशिवाय. ज्या दिवशी पहिल्यांदा घरी तिने एकटीने केलं त्या दिवशी खुर्ची मागे घेऊन तिने खोलीचं दार आतून लोटून घेतलं. दीड वर्षानंतर. मी बाहेर उभा होतो आणि मला कडी लागल्याचा आवाज आला.

आता माझ्याकडे वही आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. वेळ, किती मिली, रंग, वास. कारखान्यात मशीनचं लॉगबुक लिहायचो तसंच. एका वेळी ४०० च्या आसपास आलं तर ठीक. ५०० च्या वर गेलं की पाणी कधी जास्त झालं ते शोधायचं आणि पुढची वेळ अलीकडे घ्यायची. पाणी तोडायचं नाही, दिवसभरात वाटून प्यायचं, रात्री आठनंतर कमी.

वहीमुळे आणखी एक गोष्ट थांबली, ती म्हणजे अँटिबायोटिक. फॉलीच्या काळात लघवी जरा गढूळ दिसली की मी जवळच्या दवाखान्यात जायचो, तपासणीत जंतू निघायचे आणि गोळ्यांचा कोर्स सुरू व्हायचा. असे सहा कोर्स झाले. सातव्या वेळी खराच ताप चढला, तेव्हा कल्चरच्या रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे खालपर्यंत 'आर' लिहिलेलं होतं. आर म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाहीत. 'एस' फक्त दोन ठिकाणी, आणि दोन्ही शिरेतून द्यायची औषधं. नऊ दिवस दवाखान्यात काढले. नळी वापरणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणारच, ताप, थंडी, अंगात नवीन कडकपणा, एरवी नसलेली गळती असं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टसाठी औषध द्यायचं नसतं, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर ते नऊ दिवस टळले असते. कधी घाबरायचं आणि कधी नाही, हेसुद्धा शिकवण्यातच येतं.

ज्यांची इजा वरची असते त्यांच्यासाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. ऐरोलीतल्या एका तेवीस वर्षांच्या मुलाची मान मोडली आहे. त्याचे वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत आहेत, आमची ओळख हाजी अलीला झाली. गेल्या वर्षी एका रात्री त्यांचा फोन आला. मुलगा डोकं फुटतंय म्हणून ओरडतोय, चेहरा लाल, कपाळावर घामाच्या धारा, पाय गार, बीपी १९०. ते त्याला आडवं झोपवून बीपीची गोळी द्यायच्या बेतात होते. मला सिस्टरांचं बोलणं आठवलं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर खाली कुठेही त्रास झाला, लघवी तुंबली तरी, बीपी एकदम भडकतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाचं एरवीचं बीपी ९०-१०० असतं, म्हणून त्याला १५० सुद्धा धोक्याचं. मी म्हटलं, आधी त्याला बसवा, पाय खाली सोडा, कपडे आणि पायाचे पट्टे सैल करा, नळी टोकापासून टोकापर्यंत बघा, आणि तोवर दुसऱ्या कुणाला गाडी काढायला सांगा. नळी मांडीखाली दबून दुमडली होती. सरळ केल्यावर भरभरून लघवी आली आणि पंधरा मिनिटांत बीपी उतरलं. त्याचं डिस्चार्ज कार्ड मी नंतर पाहिलं. त्यावर या धोक्याचा एक शब्द नव्हता.

पैशाचंही सांगतो. दिवसाला पाच म्हणजे महिन्याला १५० नळ्या. मला एक साधी नळी ४० रुपयांना पडते, म्हणजे ६,००० रुपये. कर्मचारी पेन्शन योजनेचं (ईपीएस-९५) माझं पेन्शन २,७८० आहे. पाकिटावर २ च्या आकड्यावर तिरकी रेघ मारलेली खूण असते, म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका. तरी आम्ही डॉक्टरांना विचारून एक नळी दिवसभर वापरतो. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, आतून सिरिंजने पाणी सोडायचं, पूर्ण सुकवून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. ती खूण रोज डोळ्यासमोर येते आणि रोज वाईट वाटतं. दवाखान्यात दाखल झालो तर योजना आहेत, घरी लागणाऱ्या या नळीला मात्र मला कुठे जागा सापडली नाही. 'निरामय' विम्याची चौकशी केली, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत साहित्य आणि औषधं मोफत देण्याच्या योजना करा असं लिहिलं आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ताही त्याच कलमात आहे. सरकारने 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द त्यात घातले आहेत, मान्य. पण महापालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, त्यातून नळ्या देणं अशक्य आहे असं मला वाटत नाही. अशा घरांत हे काम बहुतेक ठिकाणी बायको, आई किंवा सून करते, त्यासाठी नोकरी सोडते, आणि घरात कुणी तिला कामावर आहे असं धरत नाही.

माझं म्हणणं ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, फक्त या कामासाठी, एक शिकलेली सिस्टर बसवा. आमचा आधी सांगितलेला अनुभव या दोन्हींपैकी कुठल्याही रुग्णालयातला नाही. शहरातलं खासगी असो की सरकारी, कोणतंही रुग्णालय अशा रुग्णाला सोडताना त्या सिस्टरकडे पाठवेल असं करा. आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर त्या डिस्चार्ज कार्डावर, मराठीत, छापा. आम्हाला कळव्याच्या सिस्टर भेटल्या. त्या त्यांच्या चांगुलपणाने रात्री पाऊण वाजता उठल्या, ते काही त्यांचं कर्तव्य नव्हतं.

मी मोठ्या अक्षरांत दोन पानांचा कागद तयार केला आहे. फुगा, फाटे आणि सिरिंज यांचं ड्रॉइंग मापांसकट काढलं आहे, आणि मजकूर सिस्टर व डॉक्टर दोघांनी तपासून दिला आहे. ज्या रुग्णालयाला हवा असेल त्याने न्यावा, झेरॉक्सचे पैसे मी देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. बायकांना शिकवायला माझी पत्नी यायला तयार आहे. तिच्यासाठी पायऱ्यांऐवजी रॅम्प किंवा लिफ्ट हवी, आणि खुर्ची आत जाईल एवढ्या रुंद दाराचं, आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह.

आपला एक वाचक,
सावरकर नगर, ठाणे (प.)